जमिनीखालची वाट : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडावर सहलींविषयीची पत्रं दरवर्षी येतात. यंदाच्या गठ्ठ्यात गुहा बऱ्याच निघाल्या. एकसारखे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरं इथे देत आहोत. पत्रलेखकांची नावं गाळली आहेत, गावं ठेवली आहेत.

प्रश्न (चाळीसगाव) : पाटणादेवी, पितळखोरे, अजिंठा हे सगळं मुलांना दाखवून झालं. आता त्यांना 'खरी' गुहा बघायची आहे, जमिनीखाली लांबवर जाणारी. अशी गुहा आपल्या खानदेशात का नाही?

उत्तर : मुलांनी नेमका भेद हेरला आहे. तुम्ही दाखवलीत ती लेणी, म्हणजे माणसाने छिन्नी-हातोड्याने कोरलेली. गुहा पाणी करतं आणि त्यासाठी विरघळणारा खडक लागतो. आपल्या पायाखाली आहे तो काळा पाषाण, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजून झालेला. पाण्याने तो झिजतो, फुटतो, पण साखरेसारखा विरघळत नाही. चुनखडी विरघळते. पावसाचं पाणी मातीतून मुरताना तिथला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं, चुनखडीच्या भेगांत शिरतं आणि लाखो वर्षांत त्या भेगांची दालनं करतं. पुढे हेच चुन्याने भरलेलं पाणी दालनाच्या छतातून थेंबाथेंबाने उतरतं. तिथे त्यातला वायू निसटतो आणि चुना मागे राहतो. छतापासून खाली वाढतो तो अधोमुखी लवणस्तंभ, जमिनीवरून वर चढतो तो ऊर्ध्वमुखी.

मुलांना हे घरीच दाखवता येईल. बोअरच्या पाण्याने बंबाच्या नळीत किंवा हंड्याच्या तळाशी पांढरा थर धरतो ना, तोच हा चुना. बंबात उष्णतेमुळे तो काही महिन्यांत दिसतो. गुहेत मात्र एक मिलिमीटर वाढायला दहा वर्षं लागली तरी ती वाढ चांगली म्हणायची.

जमिनीखाली उतरायचंच असेल तर जुन्या खानदेशात एक जागा आहे : बऱ्हाणपूर. आज ते मध्य प्रदेशात असलं तरी मोगलांच्या खानदेश सुभ्याचं ते मुख्य ठाणं होतं. सातपुड्यातून तापीकडे झिरपणारं पाणी वाटेत अडवून शहराला पुरवण्यासाठी रहीम खानखानांच्या काळात, १६१५ च्या सुमारास, तिथे भुयारी कालवा खोदला गेला. तो कुंडी भंडारा. विहिरीसारख्या कुंड्यांची ओळ आणि खालून त्यांना जोडणारं भुयार अशी त्याची रचना आहे. भुयाराच्या भिंतींवर चुन्याची पुटं चढलेली आहेत, म्हणजे लवणस्तंभांचा पहिला धडा तिथेच गिरवता येतो. खाली उतरायला लिफ्ट बसवलेली आहे, मात्र ती चालूच असेल असं धरून जाऊ नका. आदल्या दिवशी बऱ्हाणपुरात चौकशी करा. भुसावळहून सकाळी निघून संध्याकाळी घरी परतता येतं.

प्रश्न (अमळनेर) : आम्ही सहा जण आहोत. दोन मुलं (५ आणि ११ वर्षं), आम्ही दोघं, आई ६८ वर्षांची आणि वडील ७३ वर्षांचे. बेलम, बोरा आणि कुटुमसर ही नावं ऐकली आहेत. कुठे जावं?

उत्तर : तुमच्या घरासाठी बेलम, तेही थंडीत. कारणं सांगतो.

बेलम आंध्र प्रदेशात, नंद्याल जिल्ह्यात आहे. डोंगर चढायचा नाही. सपाट शेतजमिनीत विहिरीसारखे खड्डे आहेत, त्यातल्या एकातून पायऱ्यांनी खाली उतरायचं. 'बिलम्' म्हणजे बीळ, त्यावरून हे नाव. मोजलेली लांबी ३,२२९ मीटर, त्यातला सुमारे दीड किलोमीटरचा भाग पर्यटकांना खुला आहे. रॉबर्ट ब्रूस फूट या भूशास्त्रज्ञाने १८८४ साली या गुहेची नोंद केली. बारकाईने मोजणी केली ती १९८२-८३ मध्ये डॅनियल गेबाउर यांच्या जर्मन तुकडीने. आत वीज आहे, वाट बांधलेली आहे आणि वरून हवा सोडायची सोय आहे. पहिला उतार संपला की बराचसा भाग सपाट चालण्याचा. शेवटी पाताळगंगेकडे पुन्हा उतार लागतो, हा गुहेचा सर्वांत खोल भाग, सुमारे ४६ मीटर. तिथला छोटा झरा खडकात शिरून दिसेनासा होतो. आजी-आजोबांनी पाताळगंगा सोडून दिली तरी काही बिघडत नाही. छतावर नागफण्यांसारखे आकार असलेलं दालन आणि कोटिलिंगालू हे शिवलिंगांसारख्या आकारांचं दालन त्याशिवायही बघून होतं.

बोरा विशाखापट्टणमच्या पुढे, अनंतगिरीच्या डोंगरात. दालन प्रचंड आहे. पहिल्या पावलालाच 'बाप रे' म्हणायला लावणारी गुहा हवी असेल तर बोरा. श्वास कोंडल्यासारखं वाटणाऱ्यांनाही तीच सोयीची, कारण छत उंच आणि तोंड रुंद. पण पायऱ्या पुष्कळ, ओलसर, आणि जितक्या उतरलात तितक्या परत चढायच्या. ७३ वर्षांच्या गुडघ्यांना ते जड जाईल.

कुटुमसर बस्तरमध्ये, जगदलपूरजवळच्या कांगेर खोऱ्याच्या राष्ट्रीय उद्यानात. जंगलातली गुहा म्हणून तिन्हींत ती सर्वांत अस्सल. खडकाच्या अरुंद फटीतून आत उतरावं लागतं, वाटाड्या घ्यावाच लागतो आणि पावसाळ्यात ती बंद असते. आतल्या पाण्यात अंधारात राहून डोळे क्षीण झालेले, रंग उडालेले छोटे मासे आहेत. त्यांचे डोळस भाऊबंद महाराष्ट्रातल्या ओढ्यांत सापडतात. हे सांगितलंत की ११ वर्षांचा मुलगा कुटुमसरचाच हट्ट धरेल. त्याला तिथे न्या, पण आणखी तीनेक वर्षांनी, आणि फक्त तुम्ही दोघं.

प्रश्न (भुसावळ) : बेलमला रेल्वेने कसं जावं? किती दिवस लागतील?

उत्तर : भुसावळ, जळगाव, मनमाड, सोलापूर या वाटेने बंगळुरूला जाणारी कर्नाटक एक्स्प्रेस गुंतकलवरून जाते. गुंतकलला उतरा. तिथून ताडिपत्रीपर्यंत रेल्वे किंवा रस्ता, आणि ताडिपत्रीहून बेलम तीसेक किलोमीटर. मुक्काम ताडिपत्रीत करावा, गुहेच्या दारात हॉटेलं शोधत बसू नये. येण्या-जाण्याच्या प्रवासाचे दिवस सोडून दोन दिवस हातात ठेवा. पहिल्या दिवशी सकाळी गुहा उघडताच आत शिरा, दुपारी आराम करा आणि संध्याकाळी ताडिपत्रीतली दगडी कोरीव कामाची जुनी देवळं बघा. दुसऱ्या दिवशी गंडिकोटा, पेन्नार नदीने कातलेली लाल घळई आणि तिच्या काठावरचा किल्ला. बेलमहून ते अंतर साठेक किलोमीटर आहे.

गुहा आणि गंडिकोटा एकाच दिवसात उरकायचा बेत बहुतेक जण करतात आणि बहुतेकांचा तो फसतो. गुहेतून बाहेर आलेला माणूस घामाने पिळून निघालेला असतो, त्याला भर दुपारी किल्ला नको वाटतो.

नंदुरबार, शहाद्याकडच्या मंडळींना बोरा गाठायची असेल तर नवजीवन एक्स्प्रेसने विजयवाडा, तिथून विशाखापट्टणम आणि पुढे अरकूच्या गाडीने बोरा गुहालू स्थानक. कुटुमसरसाठी भुसावळहून नागपूरमार्गे हावड्याला जाणाऱ्या गाडीने रायपूर, मग जगदलपूरपर्यंत सुमारे ३०० किलोमीटर रस्त्याने. गाड्यांच्या वेळा बदलत असतात, तिकीट काढताना त्या ताज्या बघून घ्या.

प्रश्न (धुळे) : आईला रक्तदाब आहे, मला थोडा दमा. एवढ्या खोल ऑक्सिजन पुरतो का? कोणी म्हणतं मेणबत्ती न्यावी, विझली की परत फिरावं.

उत्तर : बेलम आणि बोरा या वर्दळीच्या गुहा. तिथे लोक हैराण होतात ते ऑक्सिजन संपून नव्हे, दमट हवेमुळे. गुहेचं तापमान त्या भागाच्या वर्षभराच्या सरासरीइतकं असतं आणि बाराही महिने जवळपास तेवढंच राहतं. कुटुमसरमध्ये ते २८ अंशांच्या आसपास आहे. आपल्याकडच्या मेच्या ४४ अंशांपुढे २८ म्हणजे गारवाच वाटेल. पण आतल्या हवेत पाण्याची वाफ इतकी भरलेली असते की घाम वाळतच नाही, आणि घाम वाळला नाही की अंग थंड होत नाही. मग छाती धडधडते, डोकं जड होतं आणि माणूस म्हणतो, 'हवा नाही इथे.' अशा वेळी थांबावं, बसावं, दोन घोट पाणी प्यावं. दहा मिनिटांत बरं वाटलं नाही तर बाहेर यावं, आणि आजाऱ्याला एकटं पाठवू नये.

निघण्याआधी घरी एक कसोटी घ्या. तीन मजले न थांबता चढून वर जा आणि लगेच एक लांब वाक्य सलग बोलून बघा. वाक्य मध्ये तुटलं तर पाताळगंगेचा नाद सोडा. आईच्या डॉक्टरांना 'सहलीला जाऊ का' एवढंच विचारू नका. 'दमट, गरम जागी दीड-दोन तास चालणं आणि शेवटी पायऱ्या चढणं जमेल का' असं विचारा. दम्याचा पंप खिशात ठेवा. पिशवी नेहमी दुसऱ्याच्या खांद्यावर असते आणि तो दुसरा नेमका पुढे गेलेला असतो.

आता मेणबत्ती. हवेतला ऑक्सिजन १६ टक्क्यांच्या आसपास उतरला की ज्योत विझते. पण कोंडलेल्या जागी आधी वाढतो तो कार्बन डायऑक्साइड. बाहेरच्या हवेत तो ०.०४ टक्के असतो. ३ टक्क्यांवर गेला की धाप लागते, डोकं दुखतं, आणि मेणबत्ती तोवर खुशाल जळत असते. जुन्या विहिरीत कंदील सोडून बघायची आपली रीत याच कारणाने अपुरी आहे. कंदील विझला तर उतरू नये हे खरं, पण विझला नाही म्हणून उतरावं असा त्याचा अर्थ होत नाही. शिवाय धूर आणि काजळी लवणस्तंभांवर कायमची बसते. मेणबत्ती घरीच ठेवा.

प्रश्न (शिरपूर) : कपडे, चपला, बॅटरी यांचं नीट सांगा. सासूबाई साडीच नेसतात.

उत्तर : साडी चालेल. पण काठ घोट्याच्या चार बोटं वर राहील अशी नेसा आणि पदर खोचून घ्या. ओल्या पायरीवर पडायला होतं ते बहुधा स्वतःच्याच काठावर पाय पडून. नऊवारीची सवय असेल तर गुहेत तीच उत्तम. बाकीच्यांनी सैल सुती पूर्ण विजार घालावी. जीन्स नको, भिजली की जड होते आणि गुडघा वाकवताना ओढते.

पायात खोल नक्षीच्या रबरी तळव्याचे, महिनाभर वापरलेले बूट हवेत. सहलीसाठी घेतलेला नवा जोड दुसऱ्याच तासाला फोड आणतो. चपला आणि सपाट कातडी तळ ओल्या चुनखडीवर साबणासारखे घसरतात. काठी घेणाऱ्यांनी तिच्या टोकाला रबरी बूच बसवावं. गुडघा दुखत असेल तर चढताना चांगला पाय आधी टाकायचा, उतरताना दुखरा आधी. हे घरच्या जिन्यावर चार दिवस घोकून घ्या, तिथे गेल्यावर आठवत नाही.

बॅटरी कपाळाला बांधायची घ्या. रात्रीच्या पाळीला शेतात पाणी भरायला जाताना आपल्याकडे वापरतात, तीच चालेल. हात कठड्याला मोकळे राहतात. १५० ते २०० ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप) उजेड भरपूर झाला. त्याहून प्रखर दिवा समोरच्याचे डोळे दिपवतो. मोठ्या माणसांनी प्रत्येकी एक आणि घरटी एक जादा बॅटरी ठेवावी, आतमध्ये वीज जाते तेव्हा हे ओझं वाटत नाही. पिशवीत दाबून आपोआप पेटू नये म्हणून प्रवासात एक सेल उलटा घालून ठेवा. मोबाइलचा दिवा कामाचा नाही. तो एक हात अडकवतो आणि वर फोनची बॅटरी खातो.

टोपी घालायची तर तिचा पुढचा छज्जा मागे फिरवा. तो पुढे असला की वरचा खडक दिसत नाही आणि डोकं आपटतं.

पाणी मोठ्या माणसाला १ लिटर, मुलाला अर्धा. निम्म्या बाटल्यांत साखर-मिठाचं पाणी भरा : १ लिटरला ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. चवीला लिंबू पिळा, पण मीठ वाढवू नका.

प्रश्न (जळगाव) : मुलगी सहा वर्षांची, अंधाराला घाबरते. तिच्या आजीचं म्हणणं, "अंधारामा काय दखानं शे तठे?" (अंधारात बघायचं काय आहे तिथे?) मुलीची तयारी करता येईल का?

उत्तर : आजीबाईंचा प्रश्न रास्त आहे. एरवी आपण अंधार कधी बघतच नाही. अमावास्येलाही चांदण्या असतात. गुहेत दिवे बंद केले की डोळ्यांसमोर धरलेला स्वतःचा हातही दिसत नाही. तो अनुभव मोठ्यांना हवा असतो, सहा वर्षांच्या मुलीवर मात्र तो लादू नये. 'बघ हं, आता गंमत' म्हणून अचानक दिवा मालवणारा काका प्रत्येक घरात असतो. त्याला आधीच तंबी द्या.

तयारीला तीन आठवडे पुरतात. पहिल्या आठवड्यात रोज रात्री खोलीचा दिवा मालवून दोन मिनिटं गप्पा, पण बटण मुलीच्या हातात. तिला वाटेल तेव्हा ती लावेल. दुसऱ्या आठवड्यात तिची स्वतःची छोटी बॅटरी घेऊन घरातल्या अंधारात लपवलेली वस्तू शोधायचा खेळ. तिसऱ्या आठवड्यात अजिंठा. जळगावहून अंतर ६० किलोमीटरच्या आसपास. सोमवारी लेणी बंद असतात. खासगी गाड्या फर्दापूरच्या फाट्यावर थांबवतात आणि तिथून बसने वर जावं लागतं. पहिल्या लेण्यात मंद उजेड असतो. आत गेल्यावर पाच मिनिटं गप्प उभं राहा. डोळे सरावतात तशी चित्रं एकेक करून उमटत जातात. 'अंधारात थांबलं की दिसायला लागतं' हे मुलीला तिथे स्वतःहून कळेल. आजीबाईंना चढ जमत नसेल तर अजिंठ्याला डोली मिळते.

चाळीसगावकडच्यांनी याच सरावासाठी पितळखोरे निवडावं. कन्नडचा घाट चढून जायचं, वाहनतळावरून पायऱ्यांनी दरीत उतरायचं आणि परत चढायचं. बेलमच्या आधी सगळ्यांच्या गुडघ्यांची ती चांगली परीक्षा. एकच सावधगिरी, कड्यांवरची आग्या मोहोळं. अत्तर, धूर, आरडाओरडा आणि दगड मारणं, चारही टाळा. माश्या उठल्याच तर झटकत उभं राहू नका. तोंड झाकून आल्या वाटेने दूर पळा.

प्रत्यक्ष गुहेत मुलीला रांगेच्या मध्ये ठेवा. पुढे वाट बघणारा मोठा माणूस, त्याच्या मागे सर्वांत हळू चालणारा, मग मुलं आणि शेवटी दणकट माणूस. हळू चालणाऱ्याला शेवटी ठेवलं की रांग तुटते. प्रत्येक वळणावर माणसं मोजा, आणि मोजायचं काम मुलीला द्या. मोजण्यात गुंतलेलं मूल घाबरत नाही.

प्रश्न (यावल तालुका) : आमच्या गावच्या गढीत एक भुयार आहे. ते थेट अशीरगडाला निघतं असं जुने लोक सांगतात. सुट्टीत पोरं आत शिरायचं म्हणतात. सोबत मोठं माणूस असेल तर हरकत आहे का?

उत्तर : हरकत आहे, आणि या पानावरची सर्वांत मोठी हीच. पोरांना आत सोडू नका, स्वतःही शिरू नका.

अमुक गडाला निघणारं भुयार खानदेशातल्या जवळपास प्रत्येक गढीला आहे. जरा विचार करा : असं भुयार डोंगराखालून, मैलोन्‌मैल न्यायचं तर हवेसाठी वर किती विवरं खोदावी लागतील? कुंडी भंडाऱ्याला थोड्या थोड्या अंतरावर कुंड्या आहेत त्या याचसाठी. गढीतली ही 'भुयारं' बहुधा तळघरं, चोरवाटा किंवा धान्याची पेवं असतात. गढीची पांढरी माती पाणी मुरलं की भसकन बसते. ती खडकासारखी आधी कुरकुरून सूचना देत नाही.

पेवाचा धोका त्याहून वाईट. बंद जागेत धान्य, पाला किंवा मुळं कुजली की ऑक्सिजन खर्च होतो आणि कार्बन डायऑक्साइड तळाला साचतो, कारण तो हवेपेक्षा जड आहे. वास नाही, रंग नाही. उतरलेला माणूस दोन-चार श्वासांत कोसळतो. त्याला काढायला दुसरा धावतो आणि तोही पडतो. पेवात आणि विहिरीत एकाऐवजी दोघं-तिघं जातात ते असे. कोणी पडलंच तर वरून हाका मारा, दोर सोडा आणि १०१ किंवा ११२ वर कळवा. श्वसनाचं उपकरण असल्याशिवाय आत उतरू नका. तोंडाला ओला रुमाल बांधून काहीही साधत नाही, रुमाल वायू गाळत नाही.

तोंड उघडं असेल तर ग्रामपंचायतीला सांगून जाळी बसवून घ्या.

प्रश्न (नंदुरबार) : श्रावणात गर्दी कमी असते. तेव्हा गेलं तर?

उत्तर : जंगलातल्या गुहा पावसाळ्यात बंद ठेवतात, त्याला कारण आहे. गुहेच्या तोंडाशी ऊन असतं, पाऊस लांबच्या डोंगरावर पडतो आणि ते पाणी काही तासांनी खडकातल्या भेगांतून आत येतं. थायलंडमधल्या थाम लुआंग गुहेत २३ जून २०१८ रोजी बारा मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक अडकले ते असेच. शेवटचा मुलगा बाहेर यायला १० जुलै उजाडला. तिथे पाणी उपसण्याच्या कामात सल्ला द्यायला आपल्या किर्लोस्करांचे पंपतज्ज्ञ गेले होते. पंप जोरात चालू असतानाही मुलांना पाण्याखालूनच आणावं लागलं, यावरून आत किती पाणी शिरलं होतं याचा अंदाज करा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. गर्दी टाळायची तर आठवड्याच्या मधला वार धरा.

प्रश्न (पाचोरा) : आतमध्ये दिवे गेले किंवा चुकामूक झाली तर?

उत्तर : दिवे गेले तर सगळ्यांनी आहे तिथेच उभं राहावं. बॅटऱ्या लावाव्या, माणसं मोजावी आणि पाच मिनिटं वाट बघावी. वीज बहुधा तेवढ्यात येते. नाही आली तर रांग तशीच ठेवून कठडा धरून परत फिरा. घाईने सुटलेला हात अंधारात लवकर सापडत नाही.

चुकामूक टाळायला जुनी युक्ती आहे. प्रत्येक फाट्यावर वळून मागे बघायचं. जाताना दिसते त्याहून वाट येताना निराळी दिसते. 'डावीकडे हत्तीच्या सोंडेसारखा खांब' असं मुलांकडून मोठ्याने म्हणवून घ्या. खडूने किंवा रंगाने बाण काढू नका. हरवलेल्याने एका जागी बसावं, शिटी तीनदा वाजवावी, थांबावं, पुन्हा तीनदा. प्रत्येक मुलाच्या गळ्यात प्लास्टिकची शिटी घाला. ती आणीबाणीलाच वाजवायची हे मात्र आधी बजावा, नाहीतर पहिल्या दालनातच वरात निघेल.

आणि परतीचा हिशोब. पाणी, बॅटरी आणि दम यांचा एक तृतीयांश भाग संपला की मागे फिरायचं, पुढे काहीही दिसत असलं तरी. अर्धा संपल्यावर फिरणारा चुकतो, कारण येताना चढ असतो आणि पाय आधीच थकलेले असतात. तोंडाशी पोचल्यावर दोन-तीन मिनिटं सावलीत थांबा. बाहेरच्या उन्हाने डोळे दिपतात आणि घसरणं होतं ते शेवटच्या चार पायऱ्यांवर, 'आलो एकदाचे' म्हणत.

प्रश्न (चोपडा) : फोटो धुरकट येतात असं ऐकलं. आणि लवणस्तंभावर हात ठेवून फोटो काढला तर काय बिघडतं?

उत्तर : एसी गाडीतून उतरून कॅमेरा लगेच आत नेला की थंड काचेवर दमट हवेची वाफ धरते. चष्म्याचंही तेच होतं. कॅमेरा पिशवीत बंद ठेवूनच अर्धा तास बाहेरच्या हवेला राहू द्या. पुसून उपयोग नाही, पुन्हा धरते.

हात लावू नका. हाताचं तेल दगडाला लागलं की त्या जागी पाणी नीट पसरत नाही, वाढ खुंटते आणि डाग काळा पडतो. बेलमच्या सप्तस्वरांच्या दालनात खांब वाजवले की धातूसारखा नाद येतो. तो वाटाड्याकडून ऐकावा, आपण ठोकू नये. दिव्यांजवळच्या खडकावर हिरवट लेप दिसेल. ते शेवाळ विजेच्या उजेडावर पोसलेलं असतं, मूळच्या गुहेत ते नव्हतं. वटवाघळांवर फ्लॅश मारू नका. पडलेलं वटवाघूळ उचलू नका, चावलं तर रेबीजची भीती असते. त्यांची वाळलेली लेंडी पायाने उधळू नका, त्या धुळीतून एक बुरशी फुफ्फुसात जाते. अशा कोपऱ्यात दमा असलेल्यांनी थांबूच नये.

प्रश्न (साक्री) : सोबत दशम्या न्यायच्या म्हणतो. गुहेत एखाद्या दालनात बसून खाता येतील का?

उत्तर : दशम्या जरूर न्या, गुहेत मात्र उघडू नका. सांडलेल्या भुग्यावर मुंग्या, झुरळं, उंदीर आत येतात आणि तिथल्या मूळच्या किड्यांना हुसकावतात. शिवाय भरल्या पोटी चढ चढवत नाही. गुहेच्या दीड तास आधी हलकं खाऊन घ्या आणि जेवण बाहेर आल्यावर करा. दुधात भिजवलेल्या दशम्या थंडीत दोन दिवस चांगल्या राहतात, बंद डब्यापेक्षा सुती फडक्यात जास्त. सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी घ्या. ओला ठेचा पहिल्याच दिवशी संपवा. तिसऱ्या दिवसापासून ताडिपत्रीत भात, सांबार आणि पप्पूचं (म्हणजे वरणाचं) जेवण मिळतंच. आंध्रातलं लोणचं आपल्या तिखटाच्या तोडीचं आहे, मुलांच्या पानात बेतानेच वाढा.